मधलं अंगण

जिभाऊ कोर्टात जात ते ज्यांच्याशी दावा चालू होता त्या भिका अप्पांच्या शेजारी बसून, एकाच रिक्षातून. वकिलाचं बजावून झालं, गल्लीचं हसून झालं. जिभाऊंचं उत्तर ठरलेलं, "भांडन कागदवर शे. रिक्षामा कसानं भांडन?" मी त्यांची शेजारीण, शाळेत शिक्षिका. कोर्टाचे गुजराती कागद वाचून घ्यायला ते मलाच गाठत, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

दोघेही खानदेशातल्या एकाच गावचे आणि सुरतेत एकाच कारखान्यात लूमवर उभे राहिलेले. तिथेच डिंडोलीतला प्लॉट त्यांनी मिळून घेतला, दोघांच्या नावावर. दोन टोकांना दोन घरं बांधली आणि मधे अंगण मोकळं सोडलं. गवंडी म्हणाला, निम्म्यावर भिंत घालू. जिभाऊ त्याच्यावरच उखडले, "भिंत कसाले? पोरीसना मांडव कोठे टाकसूत?" दोन्ही घरांत मिळून पाच मुली. कोणती बाजू कुणाची, हे कुठल्याच कागदावर लिहिलं गेलं नाही. चूकच ती. पण तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी या दोघांनी ऐकलं नसतं.

चार मुली त्या अंगणातून सासरी गेल्या. दर वेळी मुहूर्तमेढीचा खड्डा जिभाऊ खणत आणि मेढ अप्पा धरत. ती जरा कलली की जिभाऊ ओरडत, "नीट धर रे, लूमवर झोपस तसा आठे झोपू नको!" मग अप्पा ती मुद्दाम आणखी कलती करत.

पुढे अप्पांच्या मुलांना त्या जागेवर फ्लॅट दिसू लागले. जिभाऊ विकायला तयार होईनात, तेव्हा मुलांनी बापाची सही घेऊन वाटणीचा दावा लावला. जिभाऊंची धाकटी वैशाली तेवढी लग्नाची राहिली होती. "तिना मांडव आंगनमा पडू द्या, मंग काय करनं ते करा," एवढंच त्यांचं मागणं.

वकिलाने पढवलं होतं की अंगणाचा पूर्वेकडचा निम्मा भाग पहिल्यापासून माझ्या एकट्याच्या ताब्यात आहे, असं सांगा. पिंजऱ्यात उभं राहून जिभाऊ म्हणाले, "आंगन दोन्हीसनं शे, साहेब. कधी मोजंच नही." आधीच्या तारखेला अप्पाही हेच बोलले होते. निकाल लागला: वाटणी कधी झालेली नाही, करण्याएवढी जागाही नाही, सगळं विकून टाका. तो हुकूम मीच वाचून दाखवला. त्या दिवशी मला माझ्या शिक्षणाचा राग आला. जिभाऊंनी विचारलं, "म्हंजे खरं बोलनूत आनि दोन्ही हारनूत?"

जागा विकली गेली, दोन्ही घरं पाडली. जिभाऊ जवळच्याच नवागामात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला गेले. अप्पांना मुलं लांबच्या सोसायटीत घेऊन गेली आणि जिभाऊंचा फोन आला तरी त्यांच्याकडे देईनात.

वैशालीचं लग्न हॉलमध्ये ठरलं. खाली गुळगुळीत फरशी. मेढीसाठी मॅनेजरने वाळू भरलेला पत्र्याचा डबा दिला. जिभाऊ तरी घरून पहार घेऊन आलेच. थोरला जावई मेढ धरायला पुढे झाला, तर म्हणाले, "थांबा, धरनारा येऊ द्या." अप्पांची पत्रिका ते स्वतः त्या सोसायटीच्या वॉचमनकडे देऊन आले होते. आम्ही सगळे दाराकडे बघत उभे. मुहूर्त टळायला आला. शेवटी वैशालीच उठली आणि मेढ धरून उभी राहिली.

मेढ अगदी सरळ होती. तरी जिभाऊ सवयीने म्हणाले, "नीट धर रे," आणि पहार हातात घेऊन तिथेच फरशीवर बसून रडू लागले.