मास्तरांचा सोंबू

ऐंशीच्या दशकात मी पुण्याहून मद्रासला हृदयरोगाच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर म्हणून गेले. तमिळ येत नव्हतं आणि राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. त्यामुळे मराठी बोलणारा पेशंट आला की सिस्टर तो माझ्या गळ्यात मारत. मास्तर माझ्याकडे आले ते असेच. मूळचे तंजावरच्या जुन्या मराठी घरातले, शाळेतून निवृत्त झालेले, आणि बोलणं माझ्या पणजोबांना शोभेल असं.

त्यांचं हृदय थकलं होतं. पायांत, छातीत पाणी साठत होतं. दिवसाला लिटरभरच पाणी, असं बजावून मी त्यांना घरी पाठवायची आणि महिन्याच्या आत ते सुजलेले पाय घेऊन परत हजर. तिसऱ्यांदा आले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "पुढच्या वेळी वाचवता येईलच असं नाही," म्हणाले. मी घाबरले, आणि घाबरले की मी ओरडते.

"मास्तर, पाणी किती पिता?"

"लिटर. वरी थेंब नाही."

त्यांनी उशीखालून वही काढली. वेळ, पेला, खाली तांबडी रेघ. सगळं चोख. तरी वजन रोज वाढतच होतं. औषध वाढवलं, वजनकाटा बदलून आणला, त्या काट्यावरही ओरडून झालं.

मग एका दुपारी त्यांच्या पत्नी डबा घेऊन आल्या. सगळा वॉर्ड त्यांना मामी म्हणे. मी पहिल्यांदाच तिथे बसून राहिले. मामींनी भातावर सार ओतलं, इतकं की भात दिसेना. उरलेलं मास्तरांनी वाटीने प्यायलं. मग ताकभात, त्यात भात नावालाच. वर फ्लास्कमधली कॉफी. वहीत नोंद झाली: पाणी, अर्धा पेला.

"आणि सार?" मी किंचाळले.

"सार तर जेवण की, अम्मा," मामी गोंधळून म्हणाल्या.

"कॉफी?"

"ती तर सकाळपासोन चालूच असते," मास्तर शांतपणे म्हणाले.

चूक माझीच होती. तीनदा उपदेश केला, पण हा माणूस जेवतो कसा हे एकदाही पाहिलं नव्हतं.

मी मामींना घरचा सोंबू आणायला सांगितला. सोंबू म्हणजे आपला पितळी तांब्या. त्यात लिटरभर पाणी मावायचं. सकाळी तो भरून ठेवायचा, आणि जे काही पातळ पोटात जाईल तेवढं पाणी त्यातून ओतून टाकायचं. सोंबू रिकामा झाला की पिणं बंद. पहिल्या दिवशी अकरालाच सोंबू कोरडा! मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण आठवड्याभरात पायांची सूज उतरली, आणि पुढे वॉर्डातल्या बऱ्याच खाटांशेजारी सोंबू दिसू लागले. मोठे डॉक्टर पाहुण्यांना ती आपलीच कल्पना म्हणून दाखवत, तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मास्तर चौथ्यांदा आले नाहीत. वर्षभराने मद्रास सोडताना मीच कळवून टी. नगरला त्यांच्या घरी गेले. संध्याकाळ झाली होती. खिडकीत सोंबू होता, तळाशी पेलाभर पाणी. मामींनी दोन कॉफ्या आणल्या आणि सोंबूतलं ते पाणी कुंडीत ओतून टाकलं.

"तुम्ही येणार म्हणून यांनी सकाळची कॉफी सोडली," मामी म्हणाल्या. "तुमच्यासंगती प्यावी म्हणून."

मला रडू फुटलं. पण सवय जाते कुठे? रडतारडताच मी ओरडले, "मास्तर, हळूहळू प्या!"