चिखल ओकलेल्या निवट्या

शेजारणींसमोर माझी जीभ सैल सुटते, आणि जिथे खरंच बोलायला हवं तिथे मी मिठाची गुळणी धरून बसते. हा माझा जुना दोष. त्या वर्षी तो एका बाळंतिणीच्या ताटापर्यंत जाऊन पोचला.

तेव्हा आम्ही सुकापूरला राहत होतो आणि मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तळोज्याकडच्या खाडीतले मासे आमच्याकडे तपासायला आले होते. त्यातल्या निवट्यांच्या मांसात शिसं आणि कॅडमियम प्रमाणाबाहेर निघालं. निवट्या म्हणजे चिखलात राहणारे बोटभर मासे. चिखलात जे मुरतं तेच त्यांच्या अंगात. संध्याकाळी बिल्डिंगभर सांगून मी मोकळी झाले. आमच्या दारावर त्याच खाडीच्या निवट्यांची पाटी घेऊन येणाऱ्या कोळीणमावशींना मात्र म्हटलं, "डॉक्टरांनी सध्या मासे बंद केलेत." त्यांच्या पोटावर पाय कसा द्यायचा, अशी स्वतःची समजूत घातली. खरं तर भित्री होते, दुसरं काही नाही.

आठ-दहा दिवस मावशी भरली पाटी घेऊन परत गेल्या. मग येईनाशाच झाल्या. मला चुटपुट लागली, म्हणून एका रविवारी त्यांच्या घरी गेले. लेक बाळंतपणाला आलेली, बाळ बारा दिवसांचं. मावशी चुलीपाशी निवट्यांचं कालवण करत होत्या. बाळंतिणीला दूध भरपूर यावं म्हणून त्यांच्यात निवट्याच देतात.

"आता खपत नाय ना, मंग घरानच खातो. पोरीला दोनी टायमाला हेच," त्या म्हणाल्या. "आनि साफ करून हां! दोन रोज मिठाच्या पान्यान ठेवल्या. सगला चिखल ओकल्या."

बिल्डिंगमधली पोरंबाळं मी वाचवली होती, आणि त्यांना नको असलेले मासे सरळ या पोरीच्या ताटात आले होते.

"मावशी, तिला हे देऊ नका," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. मिठाच्या पाण्याने चिखल जातो, शिसं जात नाही. उकळूनही जात नाही. ते आईच्या दुधातून बाळाकडे जाऊ शकतं. दूध तोडू नका, फक्त खाडीच्या निवट्या बंद करा आणि दोघांनाही डॉक्टरांना दाखवून घ्या. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही सांगितलं.

मावशींनी टोप उतरवला. मी शिव्यांची वाट बघत उभी होते. त्या शिव्या माझ्या हक्काच्याच होत्या.

त्यांनी माझा हात धरला. "बाय, तुज्या बालंतपनान मीच तुला निवट्या आनून दिलेल्या. रोज. तुज्या पोरीला काय झाला नाय ना गो?"