लेकीच्या घरी पहिली पंगत

मंडळी, हिर्डोशीहून आत्ताच आलो; आधी हे वाचनालयाच्या फळ्यावर लावतोय.

लेकीला मूल होईपर्यंत आपण तिच्या घरी जेवत नाही. आज नातवाचं बारसं, म्हणून पहिल्यांदाच तिथं पानावर बसलो.

माझा उजवा गुडघा तरुणपणी घाटात पडून दुखावलेला. आता त्यातच संधिवात. पुस्तकं वाचून माझा मीच ओळखलेला. मांडी कशीबशी घातली, पण पंगत उठली तेव्हा उठवेना. लेक दारातून बघत होती.

शेजारी बसलेले व्याही मोठ्यानं म्हणाले, "पाव्हणं, जरा हात द्या. पायाला लई मुंग्या आल्यात!"

उजवा उष्टा होता, म्हणून डावा दिला. त्यांच्याच जोरावर मी उभा राहिलो. ते मात्र तरातरा हात धुवायला गेले.

लेक हसली. तुमच्याकडे असा हात कुणी कधी मागितलाय का?