विमलताईंचा तिसरा बोर्ड

दिग्रसच्या विमलताईंनी तीस वर्षं पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरली. करंट आहे की नाही, हे त्यांनी मीटरला कधी विचारलं नाही. दोन वायरी एकमेकींना टेकवायच्या. ठिणगी उडाली की करंट आहे.

साठीला टेकल्यावर, प्रोग्राम लिहून मोटार आपोआप चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड शिकायचं त्यांच्या मनाने घेतलं. यवतमाळचा दुकानदार हसला.

"ताई, याले लॅपटॉप लागते, इंग्रजी लागते. हे तुमचं काम नाही."

"तू बोर्ड दे. काम कोनाचं ते मी पाहीन."

पहिला बोर्ड त्यांनी ठिणगी पाहण्याच्या नादातच जाळला. दुसऱ्याला फार जपलं, पण जुन्या सवयीने हात गेलाच. गल्ली खो-खो हसली. ताईंनी ते दोन्ही जळके बोर्ड आपल्या दुकानाच्या दारावर टांगले, लिंबू-मिरची टांगतात तसे. हसणाऱ्यांनी पोटभर पाहून घ्यावं!

तिसऱ्या वेळी त्यांनी डावा हात सरळ पदरात बांधून टाकला, वायरी टेकवायला दुसरा हातच नको. बोर्ड मोबाइललाच जोडला आणि व्हिडिओत पाहून, एका अंगठ्याने, एकेक अक्षर जुळवत प्रोग्राम लिहिला. बोर्डावरचा बारका दिवा सेकंदाला एकदा लुकलुकू लागला. ताईंनी एक आकडा बदलला. दिवा मुकाट्याने भरभर लुकलुकला.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा यवतमाळच्या दुकानात उभ्या.

"हाही जळला काय, ताई?"

ताईंनी मोबाइलला जोडलेला, लुकलुकता बोर्ड काउंटरवर ठेवला.

"हा चालून राह्यला. जाळायले दुसरा दे."