लोह्याच्या शिवारातली माझी पात

सगळ्यात आधी मालतीबाईंचं नाव लिहिते. त्यांनी मला वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातून उचललं नसतं, तर नांदेड आणि लातूर मी नकाशातसुद्धा शोधलं नसतं. बाई शेती आणि खेडी यांचा अभ्यास करतात. गावोगाव फिरून माणसांना प्रश्न विचारण्यात त्यांची अख्खी हयात गेली. आमच्या कारखान्यातही त्या प्रश्नच विचारायला आल्या होत्या. मी म्हटलं, "मालक दारात उभा असताना विचारताय, मग आम्ही काय सांगणार?" त्यांनी वही मिटली आणि माझं नाव विचारलं. महिन्याभरात मी त्यांच्याबरोबर पुण्यात होते.

त्याला कारणही होतं. बाईंचा डावा कान पार गेलाय आणि उजवा जायच्या वाटेवर आहे. कामाच्या ठिकाणी त्यांनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. लोक बोलत, मी ऐकत असे आणि संध्याकाळी बाईंच्या उजव्या कानाशी सगळं जसंच्या तसं सांगत असे. आठवीत शाळा सोडलेल्या मुलीला याहून बरं काम कुठलं मिळणार? म्हणून नांदेडची गाडी पकडताना मी देवाला नारळ बोलले होते. हा दौरा बाईंना काम देणाऱ्या संस्थेच्या साहेबांना पसंत पडला, तर पुढचं किनवटचं काम आम्हाला मिळणार होतं. नाही पडला, तर मी परत काजू फोडायला.

नांदेडला सकाळी उतरलो. स्टेशनबाहेर गुरुद्वाऱ्याला निघालेल्या यात्रेकरूंच्या निळ्या-केशरी पगड्या आणि त्यांना आपल्याच रिक्षात कोंबू पाहणारे रिक्षावाले. पुलावरून गोदावरी बघितली. आम्ही समुद्रकाठची माणसं, नदीला पटकन मान देत नाही. पण ही रुंद होती, गढूळ होती आणि कुणाची पर्वा नसल्यासारखी चालली होती. नाश्त्याला सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ) मिळाली. दुसऱ्यांदा मागायला मी घुटमळले, तर हॉटेलवाले काका म्हणाले, "घ्या की अजून. लाजून कामून राहिल्या?"

मग साहेबांची जीप आली. पांढरे बूट घालून काळ्या मातीत येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. साहेबांना 'फील्ड' फार आवडतं. ते डांबरी रस्त्याला लागून असावं आणि जेवणाच्या आत आटपावं, एवढीच त्यांची अट.

लोह्याजवळच्या त्या गावात मांडव घातला होता. इथे प्रश्न विचारायला आलेल्या माणसाला आधी फेटा बांधतात. डोकं एकदा असं आवळलं, की आत दुसरं काही शिरायची सोयच राहत नाही. बाईंचा फेटा तर बरोबर उजव्या कानावर उतरला. पुढचा तासभर त्या सगळ्या भाषणांना प्रसन्न चेहऱ्यानं मान हलवत होत्या. त्यांचा मला हेवा वाटला, कारण मला ऐकू येत होतं.

मधोमध टोकण यंत्र ठेवलं होतं. हातानं ढकलत न्यायचं आणि बी मातीत पडत जायचं, असं ते यंत्र. त्याला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूचा हार घातला होता. नव्हती ती फक्त माती. एकसारख्या साड्या नेसलेल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. हा म्हणे महिला शेतकरी गट. त्यांची अध्यक्षीण माईक धरून म्हणाली, "या यंत्रामुळे आमचे श्रम वाचले व आमचे सबलीकरण झाले." शाळेत मी अशीच कविता म्हणायचे, अर्थ मास्तरांकडे, चाल माझ्याकडे.

मी विचारलं, "ताई, तुमचं शेत कुठल्या बाजूला?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "वढ्याच्या पल्याड हाय. तिला काय इचारता?"

साहेब माझ्याकडे वळले. "शिक्षण काय झालंय तुमचं?"

"आठवीत शाळा सोडली."

"हं. लातूरला कचेरीत बोलू आपण," असं म्हणून ते जेवायला गेले. 

दुसऱ्या दिवशी बाईंनी जीप नको म्हणून कळवलं. एसटीनं लोह्याला आणि तिथून रिक्षानं आम्ही त्याच गावाच्या शिवारात गेलो. पावसानं उघडीप दिली होती. सोयाबीनच्या रानात बायका रोजानं खुरपत होत्या. एकसारखी साडी एकीचीही नव्हती. म्होरक्या होत्या गयाबाई. मी बांधावरूनच विचारायला लागले, तर त्या म्हणाल्या, "उभ्या मानसाशी आमी बोलत न्हाई, पोरी. खुरपं घे आन् बस."

मला एक पात मिळाली. पात म्हणजे खुरपताना एकीच्या वाट्याला आलेली ओळींची पट्टी. इथली रीत अशी, की पात एकदा धरली की बांधापर्यंत न्यायची. शेवटची बाई पोचल्याशिवाय कुणी भाकरी सोडत नाही. मी जोरात सुरुवात केली. काम येतं हे दाखवायचं होतं ना!

"आगं आगं आगं!" गयाबाई ओरडल्या. "तूर उपटून राहिली की ही बया!"

सोयाबीनच्या मधे तुरीची ओळ असते हे मला कुठे ठाऊक? आमच्याकडे भात. मी ती ओळ तण समजून साफ करत निघाले होते.

"वरन खात न्हाईत का तुमच्यात?"

"खातो की. डाळ दुकानातून आणतो."

बायका हसून हसून मातीत बसल्या. एक म्हणाली, "मालकानं इचारलं तर सांगू, पुन्याची सायबीन तूर चरून गेली." मलाही हसू फुटलं. त्यानंतर मला काही विचारावंच लागलं नाही.

"ते यंत्र व्हय? ते पावने आले की भायेर निघतंय," गयाबाई सांगू लागल्या. "निघू बी नये. टोकनीचं काम आमचं हाय. श्रम वाचले म्हंत्यात. कुनाचे वाचले? त्या अध्यक्षीणबाईनं खुरपं कवा धरलंय? आमचे श्रम म्हंजे आमचं काम, बाई. ते वाचलं तर आमी काय बसून ऱ्हावं?"

बाई बांधावर पोत्यावर बसल्या होत्या. मी उठून त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "श्रम वाचले, असं मीच किती अहवालांत लिहिलंय गं," त्या म्हणाल्या.

सगळ्यात मागे अर्थातच मी. मग त्या बायका पलीकडच्या बांधावरून माझीच पात उलटी खुरपत माझ्याकडे आल्या आणि मधेच भेटल्या. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा. भाताची आठवण काढायला तोंड रिकामं नव्हतं.

लातूरला जिकडेतिकडे फलक. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे दुकानांवर, विजेच्या खांबांवर, रसवंतीच्या डोक्यावरसुद्धा. अख्खं शहर मला गुण विचारतंय असं वाटलं. साहेबांच्या कचेरीत टेबलावर बशीत काजू होते. पांढरे, अख्खे. ते कुणाच्या बोटांनी सोललेत हे तिथे मला एकटीलाच ठाऊक. मी हात लावला नाही.

साहेब गोड बोलले. "बाई, गटाच्या बैठकीतलं तेवढं ठेवा. शेतातल्या गप्पा काढून टाका. आठवी शिकलेल्या मुलीनं ऐकलेलं आपण पुरावा कसं म्हणायचं? किनवटला पदवीधर देऊ तुम्हाला."

बाईंनी 'हो' म्हटलं असतं तर त्यांचं काम राहिलं असतं, माझं गेलं असतं. आणि त्यांनी 'हो' म्हटलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

बाईंनी मान कलती करून उजवा कान पुढे केला. "पुन्हा सांगा. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

साहेबांनी हातातला काजू परत बशीत ठेवला.

"उजव्यानंही कमीच येतं. गेली काही वर्षं माझ्या कामातलं जेवढं तुम्ही वाखाणलंत, तेवढं सगळं या मुलीनं, दर्शनानं ऐकलेलं आहे. तिचं काढायचं तर माझंही काढा." आणि उठताना म्हणाल्या, "काजू छान दिसतायत. चल गं."

किनवट गेलं. बाईंना आता कुणी बोलावेल असं वाटत नाही. परतीच्या एसटीत त्यांनी मला मुद्दाम उजव्या बाजूला बसवलं आणि पुण्यापर्यंत गयाबाईंचं बोलणं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. मधेच विचारत, "तूर चरून गेली म्हणाल्या? नक्की?" आणि हसत.

हे मी वेंगुर्ल्याहून लिहितेय. बोटं पुन्हा काजूच्या चिकानं काळी झाली आहेत. कारखान्यातल्या बायका विचारतात, एवढं फिरून काय मिळवलंस? पांढऱ्या बुटांची माणसं बघितली, असं सांगते. बाकीचं त्यांना समजवायला वेळ लागेल.

पण मालतीबाई, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहून ठेवते. कानाचं यंत्र तुम्ही घेतलं नाहीत, कारण ते साहेबलोकांना दिसलं असतं. आता लपवायचं काही उरलं नाही. कधीतरी ते मी तुम्हाला माझ्या कमाईतून घेऊन देणार आहे. मग लोह्याला जाऊ. पात मी धरीन, आणि गयाबाई काय म्हणतात ते तुम्ही स्वतः ऐका.