चाचांनी वाजवून पाहिलेलं विमान

समोर कोणतीही वस्तू आली की चाचा ती आधी बोटाच्या पेरानं वाजवून बघत आणि कान देऊन म्हणत, "बोलते." मग ती बादली असो, कंदील असो की टरबूज. एकदा मी अकोल्याहून हौसेनं आणलेली ट्रंक त्यांनी अशीच वाजवली आणि "मुकी हाय मास्तर, कायले आनली?" म्हणून मोकळे झाले. ती ट्रंक पुढे कैक वर्षं टिकली, पण त्यांनी ते कधी कबूल केलं नाही.

वाशीमच्या बाजारात, माझ्या शाळेच्या वाटेवर त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. काही काम नसताना माणसं ज्याच्यापाशी जाऊन बसतात, असा एखादा म्हातारा तुमच्याही गावात असेल. चाचा तसे होते. चहा मात्र आपला आपण मागवायचा.

जपान्यांशी लढाई सुरू झाल्यावर त्यांचा एकुलता मुलगा विमानदलात गेला. पत्र्यावर हात बसलेला, म्हणून त्याला विमानं दुरुस्त करायला घेतलं. कधी कधी त्याला विमानात बसून जावंही लागे. हे कळल्यापासून चाचांचा मला एकच प्रश्न असे.

"मास्तर, विमान पडलं तं आतला मानूस वाचते का?"

"वाचतात काही," मी सांगायचो.

"तुमी पाह्यलं का?"

मी भूगोल शिकवणारा माणूस. विमान मी आभाळातसुद्धा धड पाहिलं नव्हतं.

मग सरकारचं लढाईचं फिरतं प्रदर्शन लॉऱ्यांवरून वाशीमला आलं. जवळच्या मालेगाव, आसेगावकडचे लोक बैलगाड्या जुंपून आले. मोठ्या तंबूत दोन विमानं मांडली होती. एक मागच्या लढाईतलं, लाकडाचं आणि कापडाचं. त्याची शिवण बघून आमचा शिंपी इतका खूश झाला की तिथून हलेना. दुसरं जपान्यांचं, पाडलेलं. त्याचे पंख सोडवून बाजूला ठेवले होते आणि अंगभर गोळ्यांची भोकं होती. लोक त्याला काठीनं ढोसत होते, शिव्या देत होते.

चाचा दुकान बंद करून, धुतलेली टोपी घालून माझ्याबरोबर आले होते. गर्दीतून वाट काढत ते जपानी विमानापाशी गेले, बसायच्या जागेजवळचा पत्रा वाजवला, कान दिला. बोलतं की मुकं, ते सांगितलं नाही. मग पहाऱ्यावरच्या शिपायाला त्यांनी विचारलं, "यातला मानूस?"

"मेला. जागेवरच."

चाचा वाकून त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले. नंतर त्यांनी टोपी सारखी केली, दोन्ही हात पसरले आणि मेलेल्यासाठी म्हणतात ती दुआ ओठातल्या ओठात पुटपुटू लागले. काठ्या ढोसणारे थांबले.

"ए बाबा, हे काय चालवलंय?" शिपाई म्हणाला.

"फातिहा पढून राह्यलो."

"कोणासाठी? दुश्मन होता तो."

"असंल. त्याच्या घरच्याईले मालूम बी नसंल, मंग पढलं कोन असंल?"

शिपायानं साहेबाला बोलावलं. साहेबानं चाचांना आपल्या खुर्चीसमोर उभं केलं आणि तुम्ही जपान्यांच्या बाजूचे का, म्हणून विचारलं. त्यांचा मुलगा आपल्याच विमानदलात आहे, हे मी हात जोडून सांगितलं तेव्हा कुठे सुटका झाली. परतताना मी त्यांच्यावर चांगलाच उखडलो. आत टाकलं असतं म्हणालो.

"मंग तुमी आले असते सोडवाले," चाचा म्हणाले.

दुकानात त्यांचा धाकटा भाऊही रागावला. "नाव नाई, मजहब नाई, अन् फातिहा?"

"मेल्याची जागा मी डोळ्यानं पाह्यली. बस."

त्यानंतर विमान पडल्यावर माणूस वाचतो का, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही.

लढाई संपत आली असताना खबर आली. मुलगा बसलेलं विमान ब्रह्मदेशाच्या जंगलावर गेलं होतं, ते परतलं नव्हतं. सहा-आठ महिने वाट बघून सगळे म्हणू लागले की आता फातिहा करायला हवा. मशिदीतले मौलवीसाहेबही समजावायला आले. चाचा हातातला पत्रा कापत राहिले.

"विमान सापडलं का? कोनं पाह्यलं का? नाई ना. मंग कायले पढू?"

कुठल्या परक्या जपान्यासाठी हात पसरणारा माणूस पोटच्या पोरासाठी हात उचलेना. मला ते बघवत नसे. मी दुकानावर बसायचं कमी केलं. गेलो की ते पूर्वीसारखेच बोलत, मुलाचा विषय निघाला तर "येईल" म्हणत आणि फुटक्या कंदिलाला कथलाचा डाग देत. पुढे त्यांच्या मनाविरुद्ध घरात कोणी फातिहाचं नाव काढलं नाही.

एका उन्हाळ्यात ताप आला आणि चाचा गेले. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाला मी गेलो होतो. धाकट्या भावानं हात पसरले, चाचांचं नाव घेतलं आणि थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

मग त्यानं मुलाचंही नाव घेतलं.