योर्दानाचा अबोला

शर्टांच्या कारखान्यात योर्दाना तपासनीस होती आणि मी शिवणारी. एकोणीस वर्षं माझी प्रत्येक शिवण तिच्या बोटांखालून गेली. चूक सापडली तर ती तोंडाने सांगायची नाही. कात्री उचलायची, अख्खी बाही उसवायची आणि शर्ट माझ्या मशीनवर टाकून पुढे जायची. कुठे चुकलं ते आपलं आपण शोधायचं. पुढे कारखाना बंद पडला, पण माझी तिच्यापासून सुटका झाली नाही. बल्गेरियातल्या लोम गावात डॅन्यूब नदीकाठच्या इमारतीत आमची घरं एकाच मजल्यावर, दारासमोर दार.

तिचा नवरा लवकर गेला. मुलगा एकच, स्विलेन. "मी माझ्या पोराला आयुष्यात बोट लावलं नाही," असं ती ताठ मानेने सांगायची, आणि ते खरंच होतं. ती अबोला धरायची. स्विलेन नऊ वर्षांचा असताना त्याने शाळेत नवी टोपी हरवली. अकरा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वेळेवर, कपडे इस्त्रीचे, पण शब्द नाही. सहाव्या की सातव्या दिवशी तो माझ्या दारात आला.

"दाफिन्का मावशी, काय केलं की आई बोलेल?"

"माफी माग बाळा."

"रोज मागतो."

मी त्याला पावावर मध लावून दिला आणि घरी पाठवलं. तिला जाऊन काही बोलायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी माझे शर्ट तिच्याच हातात जायचे होते.

मोठा झाल्यावर तो स्पेनला गेला, लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायला लागला. आईला त्याने स्मार्टफोन पाठवला आणि रोज संध्याकाळी तो फोन करायचा. ती दोन-चार वाक्यं बोलून ठेवून द्यायची. मग एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिथल्या मुलीने तिचा फोन सायलेंट केला. घरी येऊन बघते तर नऊ मिस्ड कॉल, आणि दारात मी धापा टाकत उभी, कारण स्विलेनने घाबरून मला फोन केला होता.

"रडत होता का?" तिने मला विचारलं.

"आवाज कापत होता गं त्याचा. लगेच कर त्याला."

ती फोनकडे बघत राहिली. असा चेहरा मी तिचा कारखान्यात पाहिला होता, कात्री हातात असतानाचा. "करते निवांत," म्हणाली.

त्यानंतर तिने ते तंत्र शिकून घेतलं. बाजूचं बटण दाबलं की पडद्यावर घंटेचं चित्र येतं. त्या घंटेवर बोट ठेवलं की तिच्यावर आडवी रेघ पडते, झालं. तो ईस्टरला आला नाही, रेघ. लग्न करताना आईला विचारलं नाही, दोन आठवडे रेघ. माझ्याकडे कॉफीला यायची, फोन टेबलावर उताणा ठेवायची आणि तो आवाज न करता उजळताना बघत बसायची.

"सतरा," म्हणायची. "काल चौदाच होते."

"उचल ना गं, दानाताई. गाडी चालवतोय तो."

"मग गाडीकडे लक्ष दे म्हणावं. आईकडे कशाला देतोय?"

मला हसू यायचं. हेही सांगायलाच हवं, मी हसायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात तिने पाच दिवस फोन उचलला नाही. मी तेव्हा डोंगरात बहिणीकडे होते, तिथे रेंज नाही. इतर शेजाऱ्यांचे नंबर त्याच्याकडे नव्हते. तिकडे स्पेनमध्ये, सारागोसाजवळ, माल भरलेला ट्रक रस्त्याकडेला सोडून, मित्राची गाडी घेऊन तो निघाला. अडीच दिवस चालवत आला. मी त्याच दिवशी परतले होते. इमारतीच्या अंगणात सगळ्या बायका लाल मिरच्या भाजत होत्या, हिवाळ्यासाठी ल्युतेनित्सा, म्हणजे मिरच्यांची चटणी, करायची होती. योर्दाना भट्टीपाशी बसून मिरच्यांचं पिंप फिरवत होती. स्विलेन गाडीतून उतरला. दाढी वाढलेली, डोळे लाल, शर्टावर कॉफी सांडलेली. आईला बघून तिथेच थबकला.

तिने मान वर केली. "आलास? ती पेटी उचल. जड आहे."

बायका हसल्या. मीही. वाटलं, काय पण बाई आहे!

त्याने पेटी उचलली, भट्टीपाशी आणून ठेवली, हात झटकले. जेवला, अंघोळ केली, सकाळी निघून गेला. मालकाने त्याला कामावरून काढून टाकलं होतं, हे मला नंतर कळलं.

पुढच्या सहा जानेवारीला तिचा नामदिन, म्हणजे तिच्या नावाचा सण. त्या दिवशी आमच्याकडे आमंत्रण लागत नाही, माणसं येतातच. तिने चीज भरून बानित्सा भाजली, पाहुण्यांच्या मधोमध फोन ठेवला, घंटेवर रेघ मारून. आदल्या वर्षी बत्तीस मिस्ड कॉल झाले होते. त्या दिवशी तीन झाले. पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "नेटवर्क गेलेलं दिसतंय."

फेब्रुवारीत स्विलेनचा मला फोन आला. आवाज अगदी शांत होता. "मावशी, मी आता तिला फोन करणार नाही. ती गेली की मला कळव. त्याआधी कशासाठीही नको."

"आजारी पडली तर?"

"गेली की," तो म्हणाला.

मी बरं म्हटलं. तिला सांगितलं नाही. त्याच्यावरच्या मायेपोटी गप्प बसले असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मला बघायचं होतं, कुठे चुकलं ते ती आपलं आपण शोधते का.

ईस्टरसुद्धा कोरडा गेला. लाल अंडी टोपलीत तशीच पडून. चौथ्या दिवशी ती फोन घेऊन माझ्या दारात.

"याचा आवाज चालू करून दे."

"तुला येतं की."

"करून दे म्हटलं ना!" तिने फोन माझ्या हातात कोंबला. मी बटण दाबलं, घंटेवरची रेघ काढली, आवाज शेवटपर्यंत वर नेला. "आता तू कर मला," ती म्हणाली. मी माझ्या फोनवरून केला. असला कर्कश वाजला की जिन्यातलं मांजर पळालं. "म्हणजे चालतोय," ती म्हणाली आणि खाली बसली.

तेव्हापासून रोज सकाळी तेच. "कर बघू एकदा." मी करायचे. वाजायचा. ती जायची.

मे महिन्यात तिने हार मानली आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतः त्याला फोन लावला. स्पीकरवर टाकला. चौथ्या रिंगला उचलला गेला. पलीकडे इंजिनाची घरघर, वळणाच्या दिव्याची टिकटिक.

"स्विलेन?"

तिने फोन तोंडाजवळ ओढला.

"स्विलेन, मी आई. बोल ना रे."

टिकटिक थांबली. इंजिनही बंद झालं. त्याचा श्वास ऐकू येत होता. तिने त्याला प्रकृतीचं विचारलं, सुनेचं विचारलं. जन्मात पहिल्यांदा म्हणाली, "चुकलं असेल माझं." पडद्यावर सेकंद पुढे पळत होते. साडेतीन मिनिटं तो आईचं ऐकत राहिला आणि मग फोन बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा लागलाच नाही. त्याने तिचा नंबर ब्लॉक केला होता.

दुसरी एखादी बाई यात मोडली असती. योर्दानाने नवीनच काढलं. "संध्याकाळी सातला मला फोन करत जा," तिने मला सांगितलं. "इमारतीत लोक विचारतात." सातला सगळे कामावरून परततात, जिना गजबजलेला असतो. ती दार सताड उघडं ठेवायची. फोन खणखणला की उंबऱ्यात उभी राहून मोठ्याने बोलायची, "हो रे राजा, जेवले. तू जेवलास का?" मी माझ्या बंद दाराआड फोन कानाला लावून ते दोनदा ऐकायचे, एकदा जिन्यातून, एकदा कानात.

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरची नेवेना जिन्यात होती. योर्दानाला चेव चढला. "दाफिन्का ना? आहे तशीच," ती फोनात म्हणाली. "अरे, त्या बाईला कधी धड शिवता आलं नाही. मी होते म्हणून कारखान्याने ठेवली."

नेवेना फिदीफिदी हसली. मी फोन कानाला लावून, तोंड दाबून उभी होते. नेवेना खाली गेल्यावर मी दार उघडून समोर गेले आणि सगळं ओकले. फेब्रुवारी, त्याचा फोन, त्याचे शब्द जसेच्या तसे. "तू मेलीस की कळवायचं मी. त्याआधी नाही. ऐकलंस? तुझ्या मरणाची बातमी तेवढी हवी आहे त्याला."

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडावी, अशी इच्छा होती. तिने भिंतीला हात लावला.

"मग कळव," ती म्हणाली.

"काय?"

"मी गेले म्हणून कळव. पुरायला तरी येईल. आला की दार मी उघडीन."

"वेड लागलंय का तुला, दानाताई? काय होईल त्याचं!"

"काय व्हायचं ते होऊ दे. समोर तर येईल." तिच्या डोळ्यांत चमक होती. "लाव फोन. आत्ता लाव."

मी नाही म्हटलं. ती मागे लागली, मी पुन्हा नाही म्हटलं. तिने दार लावून घेतलं.

याला आता दोन वर्षं होतील. ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. जिन्यात भेटली तर कठड्याला धरून माझ्या बाजूने निघून जाते, जणू मी भिंतीचा पोपडा. तिचा फोन कधीमधी वाजतो, कुठल्या कुठल्या कंपन्यांचा, आणि पहिली रिंग पुरी व्हायच्या आत ती उचलते.

स्विलेन मला वर्षातून दोनदा फोन करतो.

"आहे?" विचारतो.

"आहे," मी सांगते.